कासवाची पापी आणि बदामांचा पाऊस

सकाळपासून तो व्हिडिओ सारखा समोर येतोय. दीड-दोन वर्षांचं पोर, हातात इवलंसं कासव, आणि मागून आईचा लाडिक आवाज, "पापी दे त्याला, पापी दे!" खाली बदामांचा नुसता पाऊस. माझ्या यादीतल्या चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांनीही लाईक ठोकलेत. अरे, काय चाललंय काय?

माझं डोकं फिरायला कारण आहे. ताईच्या धाकटीने कासवाला कधी बोटही लावलं नव्हतं. लावणार कुठून, सात महिन्यांची होती, धड रांगतही नव्हती. कासव तिच्या दादाचं. दाजी टँकचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतायचे आणि टँक तिथेच घासायचे. त्याच सिंकमध्ये दुधाची बाटली धुतली जायची. टँकचा ब्रश आणि बाटलीचा ब्रश एकाच कपात उभे! जुलाब सुरू झाले तेव्हा सगळे म्हणाले, दात येतायत. मग ताप चढला, पोरगी मान टाकायला लागली. रक्ताच्या तपासणीत साल्मोनेला नावाचा जंतू निघाला. डॉक्टरांनी लगेच विचारलं, घरात कासव, सरडा असं काही पाळलंय का?

"पण आमचं कासव एकदम ठणठणीत आहे हो." तेच तर! साप, सरडे, कासवं यांच्या आतड्यात हा जंतू सुखाने नांदतो, त्यांना काही होत नाही. विष्ठेतून तो कधी बाहेर पडतो, कधी नाही. म्हणजे एकदा तपासणी 'निगेटिव्ह' आली म्हणून नाचू नका. औषध देऊनही त्याचा कायमचा नायनाट होत नाही. तिथून तो कवचावर, कातडीवर, पाण्यात, आणि तुमच्या हातावरून बाळाच्या झबल्यावर. मोठ्यांचं चार दिवस पोट बिघडून भागतं. तान्ह्यांच्या तो रक्तात जातो, मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतो.

अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे, कारण पोरं ती सरळ तोंडात घालायची. पाच वर्षांखालचं मूल असेल तर घरात सरपटणारे प्राणी नकोतच, असं सीडीसी ही तिथली सरकारी आरोग्यसंस्था सांगते. आणि आपण पाप्या घ्यायला शिकवतोय!

हो, हाच जंतू कच्च्या अंड्यातून, चिकनमधूनही येतो. मान्य. पण अंड्याला कुशीत घेऊन कोणी झोपत नाही.

भाच्याचं मात्र वाईट वाटलं. कासव दुसऱ्याकडे दिलं तेव्हा तो कोणाशी बोलेना. त्याची काय चूक? कासवाची तरी काय चूक? मोठी मुलं, साबणाने नीट हात धुणारी (सॅनिटायझर फासून मोकळी होणारी नव्हे), खुशाल पाळोत. माझा राग त्यांच्यावर नाहीच. घरात तान्हं असताना हौस म्हणून इग्वानासारखा भलामोठा सरडा आणणाऱ्या मोठ्यांवर आहे.

आता कॉमेंटमध्ये "आमच्याकडे कित्येक वर्षं आहे, कोणाला काही झालं नाही" असं लिहायला येणाऱ्यांनी आधी टँक कुठे धुता ते लिहा.