यकृत ‘पुन्हा उगवतं’ म्हणून ते कितीही काढता येतं असं नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर यकृताचा भाग कापून काढायच्या ऑपरेशनबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘यकृत महिन्याभरात पुन्हा उगवतं, कितीही काढलं तरी चालतं. भीती फक्त रक्त जाण्याची. डॉक्टर थांबा म्हणाले तर समजा, पैसे उकळतायत.’ यातलं प्रत्येक वाक्य पेशंटच्या जिवावर बेतू शकतं.

‘पुन्हा उगवतं’: कापलेला भाग परत येत नाही. उरलेला भाग मोठा होतो. ही वाढ मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत होते, पण तोवर शरीराचा सगळा भार त्या उरलेल्या तुकड्यावर असतो.

‘कितीही काढा’: निरोगी यकृत असेल तर निदान 20 ते 25 टक्के मागे राहावं लागतं. बरीच केमो झाली असेल तर 30, सिरोसिस (यकृत व्रणांनी कडक होणं) असेल तर 40. नुसते टक्के भरूनही भागत नाही. उरलेल्या भागाची पोर्टल शीर (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी), धमनी, रक्त बाहेर नेणारी हिपॅटिक शीर आणि पित्तनलिका, चारही शाबूत हव्यात. म्हणून आधी सीटीवर मोजमाप होतं. उजवी बाजू काढायची असेल आणि मागे राहणारी डावी कमी भरली तर उजवीकडची पोर्टल शीर आतून बंद करतात, डावी वाढू देतात आणि साधारण चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा मोजतात. ‘थांबा’ सांगतात ते बहुधा याचसाठी. ही वाढ झालीच नाही, तर मोठं ऑपरेशन न करणंच शहाणपणाचं.

‘भीती फक्त रक्ताची’: यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहतं, तेव्हा भीती खरीच. पण प्रिंगल या सर्जननी 1908 मध्ये मांडलेली युक्ती आजही वापरतात: यकृतात शिरणाऱ्या रक्तवाहिन्या मुळाशी पट्टीने आवळायच्या, 15 मिनिटं बंद, 5 मिनिटं सुरू. हिपॅटिक शिरांतून उलट येणारं रक्त मात्र या पट्टीने थांबत नाही. त्यासाठी भूलतज्ज्ञ सलाईन आखडतं ठेवून मध्यवर्ती शिरेतला (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला) दाब पाऱ्याच्या 5 मिमीच्या आत राखतात. यकृत सपकन कापतही नाहीत. क्लॅम्पने (चिमट्याने) थोडं थोडं चिरडायचं, उघडी पडलेली एकेक नळी क्लिप लावून किंवा बांधून तोडायची. एखादी पित्तनलिका सुटली की पित्त पोटात गळतं.

घरी आल्यावर ताप, पिवळे डोळे, ड्रेनमधून (पोटात ठेवलेल्या नळीतून) हिरवट-पिवळं पाणी किंवा बरळणं दिसलं, तर काविळीचं गावठी औषध देऊ नका. ऑपरेशन मुंबईत झालेलं असो की गोव्यात, त्याच दिवशी तिथल्या सर्जनला फोन करा आणि जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात जा. सोबत डिस्चार्ज कार्ड आणि सीटीची सीडी घ्या, नुसता रिपोर्ट पुरत नाही.