ओसीआय कार्डावर हापूसची बाग? त्या मेसेजमधलं खरं काय, खोटं काय

गणपती जवळ आले की गावाच्या ग्रुपवरून एक मेसेज लंडन-टोरांटोपर्यंत फिरू लागतो. म्हणे, ओसीआय कार्ड (परदेशाचं नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) म्हणजे दुहेरी नागरिकत्वच. कार्ड असलं की कोकणात आंब्याची बाग, शेतजमीन, समुद्राला लागून प्लॉट, काहीही घ्या. अडचण आलीच तर भावाच्या नावावर करा, आणि विकाल तेव्हा सगळे पैसे डॉलरमध्ये परत न्या. आयुष्यभराची बचत घेऊन गावाकडे येणारी आपलीच माणसं यावर विसंबून इसार देऊन मोकळी होतात, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. ब्रिटनचं किंवा कॅनडाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. ओसीआयमुळे आयुष्यभर येता-जाता येतं, राहता येतं, पण कायद्यापुढे तुम्ही परदेशी नागरिकच असता.

बागेचं तर सरळ उत्तर आहे: नाही. ओसीआय कार्डधारकांना काय घेता येतं ते केंद्र सरकारच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत स्पष्ट आहे. फ्लॅट, घर, दुकान, बिनशेती प्लॉट चालतो. शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे-बागा विकत घेता येत नाहीत. भारतीय पासपोर्ट असलेल्या एनआरआयलाही हीच मनाई आहे. ‘आमच्याकडे शेतकरी दाखला आहे’ हे उत्तर पुरत नाही. तो दाखला कुळकायद्याच्या कलम ६३ साठी (शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकायला मनाई करणारं कलम) लागतो. फेमाची, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याची, बंदी त्याहून वेगळी आहे आणि ती दाखल्याने उठत नाही.

इथे एजंट म्हणतो, ‘एनए (बिनशेती) होणारच आहे, तुम्ही खरेदीखत करून घ्या.’ अशा वेळी माहितीपत्रकातला सूर्यास्त बाजूला ठेवा आणि सातबारा मागा. नमुना सातवर क्षेत्रासमोर जिरायत, बागायत किंवा वरकस लिहिलंय का, बारावर पिकाच्या रकान्यात आंबा-काजू आहे का, ते बघा. खरेदीच्या दिवशी कागद शेतीचा असेल तर व्यवहार शेतजमिनीचाच ठरतो. पुढे काय होणार होतं याला किंमत नाही. इतर अधिकारात कुळाचं नाव निघालं तर तो आणखी वेगळा गुंता. फेमा मोडल्यास दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिप्पट होऊ शकतो.

समुद्राला लागून प्लॉट बिनशेती असला तरी बांधकामाचा प्रश्न उरतोच. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र आहे. ते ५० मीटरवर येतं, पण दर चौरस किलोमीटरला २१६१ माणसांपेक्षा दाट वस्ती असेल तिथेच. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची सरासरी १६३ होती. म्हणजे सवलत बहुतेक गावांना लागू होणं कठीण.

आता भावाचं नाव. मेसेजमधला हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो मायेच्या भाषेत येतो. पैसे तुमचे, कागद भावाचा आणि मनात ‘जमीन आपलीच’, हा बेनामी व्यवहार आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याला एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे, शिवाय मालमत्ता सरकारजमा होते. भावासाठी सूट आहे, पण दस्तात दोघांची नावं एकत्र असतील तेव्हा. शेतजमिनीच्या दस्तात तुमचं नाव येऊच शकत नाही, मग ती सूट काय कामाची? आणि उद्या भाऊ फिरला, किंवा त्याच्या माघारी वहिनीने आणि पुतण्यांनी वारस नोंद करून घेतली, तर ‘पैसे माझे होते’ म्हणून दावा लावायलाही कायद्याने मनाई आहे. भावाला खरंच द्यायचे असतील तर बँकेतून बक्षीस म्हणून द्या. पण मग बाग त्याची, हे आधी मनाशी पक्कं करा.

पैसे परत नेण्याचं थोडक्यात. राहत्या घरांच्या बाबतीत परकीय चलनात भरलेली रक्कम नेता येते, तीही दोनच घरांपुरती. बाकीचे एनआरओ खात्यातून (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातलं रुपयांचं खातं), कर भरून, वर्षाला दहा लाख डॉलरच्या मर्यादेत. रोख दिलेल्या पैशाचा तर हिशेबच लागत नाही.

आणि मेसेज जे सांगत नाही ते असं: वडिलोपार्जित शेतजमीन वारसाहक्काने परदेशी नागरिकालाही मिळते. पुढे विकायची झाली तर फेमाप्रमाणे भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. काकांनी बक्षीसपत्राने दिलेली शेतजमीन मात्र घेता येत नाही. वारसाहक्क टिकतो हे माहीत नसल्यामुळे कितीतरी बहिणींना ‘तू आता परदेशी, तुझा हक्क गेला’ असं सांगून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. हक्क गेलेला नसतो. आईवडिलांच्या पश्चात मृत्यू दाखल्यासह तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज करा, फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून त्यावर आपलं नाव आलंय का ते तपासा. तोवर दूतावासात जाऊन कुणाच्याही मुखत्यारपत्रावर सही करू नका.