बेल्यायेवलाही थोडं श्रेय द्या

पहिल्या स्पेसवॉकवरचा (अंतराळात यानाबाहेर पडण्यावरचा) लेख आवडला. पण १८ मार्च १९६५ चा सोव्हिएत अंतराळवीर लिओनोवचा तो स्पेसवॉक सांगून लेख थांबतो, जणू माणूस यानात परत आला आणि झालं सगळं. फुगलेल्या सूटमधली हवा सोडून लिओनोव कसाबसा आत शिरला, हे बहुतेकांना माहीत असतं. पुढचं कमी सांगितलं जातं.

परतीच्या वेळी त्यांच्या वोस्खोद-२ यानाची स्वयंचलित दिशा-यंत्रणा बंद पडली. कमांडर पावेल बेल्यायेवला यान हाताने वळवावं लागलं. त्यातही गंमत (म्हणजे आता गंमत!) अशी की दोघांना बसवण्यासाठी खुर्च्या आडव्या फिरवल्या होत्या, त्यामुळे खुर्चीत बसून दिशा दाखवणाऱ्या खिडकीतून बघताच येत नव्हतं. तो खुर्च्यांवर आडवा झाला, लिओनोवने त्याला धरून ठेवलं, मग इंजिन पेटवून दोघं घाईघाईने जागेवर. एवढ्या उशिराने यान ठरलेल्या जागेपासून पावणेचारशे-एक किलोमीटर दूर, रशियातल्या पर्मच्या बर्फाळ जंगलात उतरलं. झाडी इतकी दाट की हेलिकॉप्टर उतरेना. दोन रात्री तिथेच काढून दोघं शेवटी स्कीवरून बाहेर पडले.

हे सगळं अमेरिकेच्या आधी करायच्या घाईत. अमेरिकेचा एड व्हाइट तीनच महिन्यांत, जूनमध्ये यानाबाहेर पडला, म्हणजे घाई अगदीच बिनबुडाची नव्हती. पण एका माणसासाठी बनवलेल्या जुन्या वोस्तोक यानामध्येच फेरफार करून दोघांना पाठवणं हा माझ्या मते सरळ सरळ जुगार होता. लिओनोव पुढे १९७५ च्या अपोलो-सोयूझ या अमेरिका-सोव्हिएत संयुक्त मोहिमेमुळे जगभर पोचला. बेल्यायेव १९७० मध्येच गेला, पुन्हा अंतराळात न जाता.