दिवसभर जागवलं की बाळ रात्रभर झोपतं? नाही हो

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, कुणाकडे बाळ असलं की एखादी मावशी तो पाठवतेच. बाळाला दुपारी झोपू देऊ नका, रात्री जायफळ उगाळून मधातून चाटवा, बाटलीत तांदळाची पेज घाला, डोक्याखाली राईची उशी द्या, आठवड्याभरात बाळ रात्रभर झोपेल.

आधी दुपारची झोप. ती तोडली की होतं उलटंच, अति दमलेलं बाळ डोळे चोळत, पाठ ताणून किंचाळत बसतं, झोपतच नाही आणि झोपलं तरी पुन्हा उठतं. 4 ते 12 महिन्यांच्या बाळाला चोवीस तासांत 12 ते 16 तास झोप लागते आणि त्यात दिवसाची झोप धरलेलीच आहे. अगदी तान्ह्याला तर दिवस-रात्र कळतच नाही, ते जमायला दोन-तीन महिने जातात, आठवड्यात कुठून होणार?

जायफळाने येते ती गुंगी. त्यात मायरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं, जास्त झालं तर विषारी, आणि सहाणेवर दोन वेढे दिले की चार हे मोजतंय कोण! मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, बोट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याच्या आजाराचा, धोका असतो.

पेज: सहा महिन्यांपर्यंत फक्त दूध. नंतर वाटी-चमच्याने खुशाल द्या, बाटलीतून घशात अडकू शकते आणि झोप काही वाढत नाही.

राईच्या उशीवरून आमच्याकडे वाद होतो, कारण ती आजीने हाताने शिवलेली असते. पण वर्षाच्या आत उशीच नको, कुठलीही. सपाट घट्ट गादी, बाळ पाठीवर. डोकं चपटं होईल वाटत असेल तर जागेपणी, आपण समोर असताना पोटावर खेळवा.

आणि रात्रभर झोपणं हा काही नियम नाही. 2018 साली पीडियाट्रिक्स या जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात सहा महिन्यांची साधारण 38 टक्के बाळं सलग सहा तासही झोपत नव्हती.

मग रुटीनचा उपयोग काय? आहे ना. 2009 सालच्या एका अभ्यासात 405 आयांपैकी काहींना रोज अंघोळ, मालिश, मग शांत वेळ आणि अंघोळीनंतर अर्ध्या तासात दिवा बंद, एवढंच करायला सांगितलं, दोन आठवड्यांत त्यांची बाळं लवकर झोपायला लागली, रात्री उठणंही कमी झालं (पैसे बेबी प्रॉडक्टवाल्या कंपनीचे होते, तेही सांगून ठेवते, लोशन विकत घ्यायची गरज नाही). मालिशवाली मावशी सकाळी येते तर येऊ दे, संध्याकाळी कोमट फडक्याने अंग पुसलं तरी चालतं, क्रम मात्र रोज तोच हवा. ट्यूबलाइट आणि टीव्ही बंद. रात्री दहाला बाळाला घेऊन सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जायचं आणि मग झोपत नाही म्हणून तक्रार करायची, हे काही बरोबर नाही.

बाबा दुकान बंद करून उशिरा घरी येतात आणि त्यांना तेव्हाच बाळाला उडवायचं असतं. त्यांना शेवटची पायरी द्या, अंधारात मांडीवर घेऊन रोज तेच एक गाणं, हळू आवाजात.