थोरली पाती, धाकटी पाती
जुना फोन ४० टक्क्यांवरून थेट शून्यावर उडी मारायला लागला, तेव्हा नवा घ्यायचा हे एका मिनिटात ठरलं. कोणता घ्यायचा हे ठरायला तीन आठवडे लागले.

मन जडलं होतं ते घराण्यातल्या थोरल्या फोनवर. त्याची किंमत पाहून मन आपोआप शहाणं झालं आणि त्याच घराण्यातल्या धाकट्या पातीकडे वळलं. धाकटी पाती ओळखायची खूण सोपी आहे. आडनाव तेच, मागे एखादं अक्षर शेपटासारखं लावलेलं. २०१३ मध्ये आयफोन ५ सी आला, अंगावर चक्क रंगीत प्लॅस्टिक लेवून. मग एसई, एक्सआर, आणि २०२५ मध्ये १६ ई. सॅमसंगने २०२० मध्ये एस २० ला 'फॅन एडिशन' जोडलं. फॅन म्हणजे चाहते. चाहत्यांवर माया एवढी, की त्यांना पाठ काचेची न देता प्लॅस्टिकची दिली.

मी दोन्ही फोनांचा तुलनेचा तक्ता उघडला आणि तिथेच फसलो. तोवर आपल्या आयुष्यात काय काय कमी आहे हे मला माहीतच नव्हतं. लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स नाही! केबलचा वेग यूएसबी २.० चा, म्हणजे २००० सालचा! मी फोनला केबल लावतो ती फक्त चार्जिंगपुरती, पण त्या रात्री सेकंदाला ४८० मेगाबिट या आकड्याने माझी झोप उडवली.

चिपमध्ये ग्राफिक्सचा एक कोअरही, म्हणजे पडद्यावरची चित्रं घडवणारा एक कप्पाही, कमी होता. चौकशी केली तर कळलं, चिप बनवताना काही नगांत एखादा कोअर नासका निघतो. सगळी चिप टाकून देण्यापेक्षा तेवढा कोअर बंद करून ती खालच्या मालात खपवायची, ही चिपवाल्यांची जुनी रीत. हे वाचून मला त्या फोनबद्दल एकदम आपुलकी वाटली. माझ्याही डोक्यातला एखादा कोअर बंदच असावा. नोकरी कुठे अडली?

टेलिफोटोचं दुःख बायकोने संपवलं. "अहो, तुमचे फोटो उघडा बघू," म्हणाली. शेवटच्या दोनशे फोटोंत विजेची बिलं, पार्किंगमधल्या खांबांचे नंबर, कुठल्याशा अर्जाची दोन्ही पानं आणि माझा अंगठा. लांबचा फोटो एकच, चंद्राचा. तो रस्त्यावरच्या दिव्याचाही असू शकेल.

राहिला पडदा. धाकटा ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा, थोरला १२०. मेहुण्याकडे थोरल्या पातीचा फोन, त्यामुळे सल्लागार तोच. "भाऊजी, साठवाला घेऊ नका, डोळ्यांना टोचतं." दुकानात दोन्ही फोन शेजारी ठेवून मी दोन अंगठ्यांनी एकच यादी वर-खाली सरकवत बसलो. ६० मध्ये चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १२० मध्ये ८.३. फरक आठ मिलिसेकंदांचा, आणि तो दिसावा म्हणून मी खर्चली वीस मिनिटं. काही दिसेना. विक्रेता दुसरीकडे बघत उभा. एकविसाव्या मिनिटाला दिसला. डावीकडची अक्षरं सरकताना जरा पुसट होत होती, उजवीकडची स्पष्ट. हे एकदा दिसलं की संपलं. घरी आलो तर जुना फोनही धक्के देत सरकताना दिसू लागला. चार वर्षं बिचारा गुपचूप धक्के देत होता.

धाकटेपणात कधी कधी उलटा फायदाही असतो, अशी मी मनाची समजूत घातली. २०१९ च्या गूगलच्या पिक्सेल ३ ए ला हेडफोनचं भोक होतं, त्याच्या थोरल्या भावाला, पिक्सेल ३ ला, नव्हतं. शिवाय मुख्य कॅमेरा तोच. मला त्याच्यासारखाच हवा होता. फक्त तो आता जुना झाला होता, आणि बाजारात होता तो हा.

शेवटी धाकटाच घेतला. पाठ काचेची की प्लॅस्टिकची यावर मी चार दिवस डोकं शिणवलं होतं. दुकानातून निघण्याआधीच वर जाड काळं कव्हर चढलं. आता आत काय आहे ते फोनलाच ठाऊक.

पुढच्या रविवारी मेहुणा आला. माझा फोन हातात घेऊन दोनदा सरकवला आणि ओठ मुडपले. "जाणवतंय हो, भाऊजी." मग कौतुकाने त्याचा माझ्या हातात दिला. कोपऱ्यात बॅटरी सेव्हरची खूण होती.

"हे कायम चालू असतं?"

"हो, घेतल्यापासून. नाहीतर संध्याकाळपर्यंत पुरत नाही."

मी सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. सेव्हर चालू असेपर्यंत पडदा ६० हर्ट्झवर, असं तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं. मी गुपचूप मागे आलो, यादी एकदा वर-खाली सरकवली आणि म्हणालो, "वा! लोण्यासारखा सरकतो रे तुझा."