खड्डे खणून काय उरतं?

कट्ट्यासमोरचे पेव्हर ब्लॉक परवा पुन्हा उखडले. ते बघून विन्या म्हणाला, "सरकार लोकांना कामाला लावतं ते हे असं. एकाने खणायचं, दुसऱ्याने बुजवायचं. अमेरिकेत अध्यक्ष रूझवेल्टने १९३० च्या दशकातल्या मंदीत दुसरं काय केलं? फावड्याला टेकून उभं राहायचा पगार दिला!"

विन्या सीए आहे, त्यामुळे खर्च म्हटलं की त्याला आधी घोटाळा दिसतो. पण वैशाली कॉलेजात इतिहास शिकवते आणि ती कट्ट्यावर हजर होती. म्हणजे मोहोळाला दगड मारून झाला होता.

"फावड्याचे विनोद तेव्हाचेच आहेत," ती म्हणाली. "पण तू कुठल्या खात्याबद्दल बोलतोयस? पीडब्ल्यूए की डब्ल्यूपीए?"

विन्या गप्प. आम्हीही गप्प, कारण दोन्ही एकच असं आम्ही समजत होतो.

तर ती दोन वेगळी खाती. पीडब्ल्यूए म्हणजे पब्लिक वर्क्स अॅडमिनिस्ट्रेशन, १९३३ चं, हॅरोल्ड इकीस या मंत्र्याच्या हाताखालचं. मोठी कामं, टेंडर, ठेकेदार, आणि प्रत्येक कागद साहेबाच्या नजरेखालून जाणार. न्यूयॉर्कचा ट्रायबरो पूल त्यातला. डब्ल्यूपीए म्हणजे वर्क्स प्रोग्रेस अॅडमिनिस्ट्रेशन, १९३५ चं, हॅरी हॉपकिन्सचं. तिथे ठेकेदाराला फाटा देऊन बेकार माणसालाच थेट हजेरीपटावर घ्यायचं. १९४३ ला बंद होईपर्यंत सुमारे ८५ लाख माणसं त्या पटावर येऊन गेली.

नाना सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी क्षणात बाजू घेतली. "इकीस आपला माणूस. एमबी, म्हणजे मोजमापाची वही, भरल्याशिवाय बिल नाही. म्हणून तर हूव्हर धरण अजून उभं आहे."

"नाना, ते आधीच्या अध्यक्षाच्या, हूव्हरच्याच काळात, १९३१ ला सुरू झालं. रूझवेल्टने उद्घाटन केलं."

"म्हणजे आपल्यासारखंच," नाना म्हणाले.

विन्याने दुसरा हिशोब काढला. १९३३ मध्ये चारातला एक कामकरी बेकार होता. इतका पैसा ओतला, तरी १९३८ ला बेकारी पुन्हा वर गेली. शेवटी महायुद्धानेच सगळ्यांना काम दिलं. मग या योजनांनी साधलं काय?

वैशालीने यातलं अर्धं सरळ मान्य केलं. मंदी या योजनांनी संपवली नाही. पण १९३७ ला बजेट जुळवायच्या हट्टापायी रूझवेल्टनेच खर्च आवरता घेतला आणि त्यानंतर लगेच बेकारी वाढली, हे विन्या सोयीने विसरतो. त्या आकड्यांवरून दोघांची अर्धा तास झटापट झाली. ती इथे देत नाही. अर्थशास्त्रज्ञांचीही अजून संपलेली नाही.

मला जास्त रस होता तो कामांच्या यादीत. दहा लाख किलोमीटरहून जास्त रस्ते नवे केले किंवा दुरुस्त केले, ते ठीक. पण त्याच यादीत वीस लाखांवर संडास आहेत! शहरी लोक त्यावर हसायचे. दक्षिणेकडच्या खेड्यांत मात्र उघड्यावरच्या घाणीतले अंकुशकृमी अनवाणी पोरांच्या पायांतून शिरायचे, त्यांच्यासाठी ते संडास म्हणजे औषधच होतं.

पक्याचा भाचा ओरेगनमध्ये असतो. माउंट हूड डोंगरावरच्या टिंबरलाइन लॉजचे फोटो त्याने पाठवले होते, ते पक्याने मोबाइलवर दाखवले. डब्ल्यूपीएचं काम, १९३७ ला खुद्द रूझवेल्टने जाऊन लोकार्पण केलेलं. जिन्याचे खांब बघा म्हणाला. तारांचे जुने लाकडी खांब कापून आणले आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक प्राणी कोरला. शेकोटीतले लाकडं ठेवायचे लोखंडी घोडे रेल्वेच्या जुन्या रुळांचे. गालिचे कसले, तर सीसीसी या सरकारी योजनेतल्या पोरांच्या जुन्या घोंगड्यांच्या पट्ट्या विणून केलेले. नानांनी फोटो मोठा करून तो खांब बराच वेळ न्याहाळला. "हे ठेकेदाराने केलं नसतं," एवढंच बोलले. इकीसच्या पक्षातला पहिला तडा तो.

सीसीसी म्हणजे १८ ते २५ वयाच्या अविवाहित पोरांची जंगलातली छावणी. महिना ३० डॉलर, त्यातले साधारण २५ परस्पर घरी. नऊ वर्षांत या पोरांनी तीनशे कोटी झाडं लावली. पक्या स्वतः शेती करतो, त्यामुळे झाडांचा आकडा ऐकून तो भुलत नाही. "कुडझूचं सांग की," म्हणाला. जमिनीची धूप थांबावी म्हणून दक्षिणेत हा जपानी वेल सरकारने लावून घेतला, शेतकऱ्याला एकरी ८ डॉलरपर्यंत देऊन. आज तो झाडं, विजेचे खांब, पडकी घरं सगळं झाकत सुटलाय. आमच्याकडे गाजर गवत, त्यांच्याकडे कुडझू. फरक इतकाच की त्यांनी तो पैसे मोजून लावला.

विन्याला वाटलं, सामना फिरला. पण वैशालीने केंटकीतल्या बायका काढल्या. पूर्व केंटकीच्या डोंगरांत धड रस्ते नव्हते. डब्ल्यूपीएने तिथे बायकांना पगारावर ठेवलं. घोडा नाहीतर खेचर त्यांनीच आणायचं आणि ओढ्यानाल्यांतून वाट काढत घरोघर पुस्तकं पोचवायची. सरकार फक्त पगार द्यायचं, पुस्तकं लोकांनी दिलेली. ती फाटली की चांगली पानं कापून वहीत चिकटवायची. त्यात पाककृती, गोधड्यांचे नमुने घालून नवं पुस्तक बांधायचं आणि तेच पुढच्या घरी द्यायचं. पुढे गिऱ्हाइकंही आपापल्या पाककृती त्या वह्यांसाठी देऊ लागली.

"१९४३ ला पगार बंद, खेचरं बंद," विन्या म्हणाला. "उरलं काय?"

माझं मत मी इथे मांडलं. डब्ल्यूपीएचं बहुतेक काम वॉशिंग्टनने ठरवलेलं नसायचं. गावाने, शाळेने, नगरपालिकेने प्रस्ताव द्यायचा, थोडा खर्च उचलायचा. शाळा, फुटपाथ, पोहण्याचा तलाव, जे मागाल ते. काम झालं की ते गावाचं, डागडुजीही गावाची. त्यातलं इतकं आजवर वापरात राहिलं, त्याचं मला हेच कारण दिसतं.

"आणि ज्यांना गावच माणसांत धरत नव्हतं, ते?" वैशालीने मलाच धरलं. योजना गावाच्या हाती म्हणजे गावाचा वर्णद्वेषही योजनेत. सीसीसीत काळ्या पोरांच्या छावण्या वेगळ्या. टेनेसी खोऱ्यात सरकारने नॉरिस हे आदर्श गाव वसवलं, तिथे काळ्या कुटुंबांना घरच नाही. शिवाय डब्ल्यूपीएत घरटी एकालाच काम, म्हणजे नवरा धडधाकट असला की बाईचा नंबर लागणं कठीण.

आपल्या रोजगार हमीचा विषय निघणारच होता. ती काही तिकडून उचललेली नाही, वि. स. पागे आणि १९७२ चा दुष्काळ, हा तिचा वंश. पण तुलनेत एक गोष्ट ठळक दिसते. डब्ल्यूपीएत काम मिळणं हा हक्क नव्हता. तिथल्या संसदेने निधी कापला की हजारोंना घरी बसवायचे. इथे कायद्याने काम मागायचा हक्क दिला, आणि खडी फोडायला, पाझर तलावावर बायका मोठ्या संख्येने आल्या. विन्याला मी विचारलं, "तुझ्या क्लायंटच्या पगारातून महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर कापतोस, तो मुळात कशासाठी लावला होता?"

"हमीसाठीच," तो पुटपुटला. "पण माती वाहून गेलेले रस्तेही त्यातलेच."

तेही खरंच. नानांनी त्यातले काही मोजलेत.

निघताना नाना पुन्हा इकीसवर आले. घाईचं काम कच्चंच होणार, म्हणाले. मग वैशालीने १९३३ चा हिवाळा सांगितला. इकीसच्या फायली पुढे सरकत नव्हत्या. नोव्हेंबरात हॉपकिन्सने तात्पुरतं खातं काढलं आणि जानेवारीपर्यंत चाळीस लाखांवर माणसं कामावर घेतली. मार्चअखेर रूझवेल्टने खर्चाला घाबरून ते गुंडाळलंही. हॉपकिन्सचं म्हणणं साधं होतं: माणसं लांबच्या काळात जेवत नाहीत, रोज जेवतात.

"चाळीस लाखांची मोजमापं घेतली कोणी?" नानांचा जीव तिथेच अडकलेला.

"त्या कामाची पाहणी करायला लष्कराच्या इंजिनिअर विभागातला एक लेफ्टनंट कर्नल नेमला होता. त्याने चांगला शेरा दिला."

"फौजी इंजिनिअर?" नाना चप्पल घालता घालता थांबले. "मग त्याने टेप लावून बघितलं असेल."

विन्या म्हणाला, ऑडिट रिपोर्ट दाखवा.