शॉकनंतरची ती सपाट रेष

गेल्या आठवड्यात सिडकोतल्या माझ्या मावसभावाने एक फिरता संदेश मला पाठवला. मानसिक आजारावर डोक्याला विजेचे शॉक देऊन करतात त्या उपचाराने (ईसीटी) मेंदू बंद पडतो, जन्माची फिट लागते, स्मरणशक्ती जाते, तेव्हा तो ‘आजच थांबवा’, असे त्यात होते. खाली त्याने विचारले, “दादा, आईचे उरलेले शॉक थांबवू का?” मावशीला तीव्र नैराश्य आहे. महिनाभर ती धड जेवत नव्हती आणि तिसऱ्या शॉकनंतर तिने स्वतःहून भाकरी मागितली. अशा घरात हा संदेश पोचला, याचा मला मनस्वी संताप आला. मी नाशिकरोडला वीस वर्षे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढण्याचे काम केले आहे, त्यामुळे संदेशासोबतचे चित्र कशाचे आहे हे मला सांगता येते.

चित्रात ईईजीची जवळजवळ सपाट रेष असून खाली लिहिले आहे, ‘शॉकने मेंदूची वीज कायमची बंद पडते.’ चित्र खरे आहे, ओळ खोटी आहे. शॉकने मेंदूत मुद्दाम जी आकडी (फिट) आणली जाते, तिचा आलेख ठरावीक क्रमाने जातो: आधी बारीक, वेगवान लहरी, मग उंच टोकांची दाटी, त्यानंतर टोक आणि संथ लहर यांच्या जोड्या, ज्या हळूहळू विरळ होतात, आणि बहुधा मिनिटभराच्या आत आकडी थांबताच रेष खाली बसून जवळजवळ सपाट होते. हे बसणे म्हणजे मेंदू जळणे नव्हे. पेटलेली आकडी मेंदूने स्वतःच आवरल्याची ती खूण मानली जाते, आणि ती किती ठळकपणे बसली हे डॉक्टर मुद्दाम पाहतात, कारण रेष नीट बसली नाही तर आकडी पुरेशी झाली नसावी अशी शंका येते. थोड्याच वेळात लहरी परततात, आधी संथ आणि रुग्ण शुद्धीवर येईल तशा नेहमीच्या. आलेखाच्या पट्टीतला तेवढाच तुकडा कापून त्याला ‘कायमचे’ म्हणणे हा धडधडीत खोटेपणा आहे.

यात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करतो. शॉक एकामागून एक होत गेले की मधल्या दिवसांतही, विशेषतः कपाळाकडच्या भागात, संथ लहरी वाढलेल्या दिसतात. पण उपचार संपल्यावर त्या साधारणपणे काही आठवड्यांत ओसरतात.

‘जन्माची फिट लागते’ हा दावा तर उलटाच आहे. उपचार पुढे जातात तशी आकडी येण्यास लागणारी विजेची मात्रा बहुधा वाढत जाते, म्हणजे आकडी येणे अवघड होते, आणि औषधांनी न थांबणाऱ्या अपस्मारात (फिटच्या आजारात) क्वचित हाच उपचार वापरलेला आहे. ‘घरातली वीज डोक्याला लावतात’ हेही चूक आहे: आजची यंत्रे विजेचे अतिशय आखूड स्पंद देतात आणि नेहमीच्या मात्रेत ते सगळे एकापुढे एक ठेवले तरी सेकंदभर भरत नाहीत. पूर्वी भूल न देता शॉक दिले जात, हे खरे. परंतु भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याविना शॉक देण्यास 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याची मनाई आहे.

राहिला स्मरणशक्तीचा मुद्दा. 2010 मध्ये 84 अभ्यास आणि सुमारे तीन हजार रुग्णांच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात आकलन आणि स्मरणातील घट मुख्यतः पहिल्या तीन दिवसांपुरती आढळली आणि पंधरवड्यानंतर बहुतेक क्षमता उपचारापूर्वीपेक्षा सुधारलेल्या दिसल्या. मात्र अशा चाचण्यांत आयुष्यातल्या स्वतःच्या आठवणी नीट मोजल्या जात नाहीत, आणि उपचाराच्या आसपासच्या काही आठवणी काहींच्या बाबतीत परत येत नाहीत. मावशीला गेल्या महिन्यातले काळारामाचे दर्शन आठवत नाही. भावाने हे डॉक्टरांना अवश्य सांगावे आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंऐवजी एकाच बाजूने शॉक देता येईल का, हेही विचारावे, कारण त्याने विस्मरण कमी होते. पण ‘आजच थांबवा’ या ओळीवर विसंबून उपचार अर्ध्यावर सोडू नये, कारण तीन शॉकनंतर परतलेली भूक तेवढ्यावर टिकेल याची शाश्वती नसते.